शाई न फुटणारा कागद

गळ्याच्या ऑपरेशनात रमाकांत कर्णिकांचा आवाज गेला आणि पाठोपाठ हातातली ताकदही गेली. बॉलपेन दाबून धरवेना, मोबाइलवर भलतीच अक्षरं उमटायला लागली. शाईचं पेन मात्र दाबावं लागत नाही. त्यामुळे शर्टांचे खिसे निळे करतं म्हणून सुनेत्राबाईंनी संसारभर ज्या पेनाचा उद्धार केला, त्याच्यावरच आता नवऱ्याचं सगळं बोलणं येऊन ठेपलं.

पण मेला कागद दगा द्यायचा. हात सावकाश चाले, निब एकाच जागी रेंगाळे आणि वहीवर अक्षराअक्षराला दाढीमिशा फुटत. रमाकांत दहा मिनिटं घाम गाळून एक ओळ लिहीत. बाई चष्मा चढवून बघत आणि शेवटी अंदाजाने पाण्याचा पेला आणून देत. ते डोळे मिटून घेत. बाईंना तेव्हा स्वतःचीच चीड येई.

मग गिरगावातलं कागदाचं एकही दुकान त्यांनी सोडलं नाही. जाड तो चांगला असं समजून लग्नपत्रिकेचा हातकागद आणला. तो शाई घटाघटा प्यायला. गुळगुळीत आणला, तर शाई वाळेचना, तळहाताखाली सगळी ओळ फासली गेली. शुक्रवारी परळच्या हॉस्पिटलात दुसऱ्या ऑपरेशनसाठी दाखल व्हायचं होतं. त्याआधी यांना काय सांगायचंय ते कळलंच पाहिजे, एवढाच ध्यास घेऊन त्या वणवण फिरत होत्या.

गुरुवारी ठाकुरद्वारच्या एका बाइंडरने जुन्या रजिस्टरांसाठी आणलेला, उरलेला कोरा कागद काढून दिला. बाईंनी पर्समधून नवऱ्याचं पेन काढलं, निब कागदावर टेकवून दहापर्यंत आकडे मोजले आणि कागद उलटून पाहिला. मागे काहीच उमटलं नव्हतं. त्यांना दुकानातच रडू आलं.

घरी रमाकांतांनी पंधरा मिनिटं घेतली. अक्षर ऑफिसातल्या दिवसांसारखं आलं, सुटं आणि स्पष्ट.

"उद्या नको. आता सोसवत नाही. घरीच राहू दे."

बाईंनी वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. इतके दिवस आपण याच ओळीला पाणी आणून देत होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. दुसरा कागद पुढे सरकवून त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, दुसरं काहीतरी लिहा ना."

रमाकांतांनी पेनाला टोपण लावलं.