पहिल्या मोटेचं पाणी

किसनबा गेल्याचं मला घोडेगावच्या बाजारात कळलं. बैलजोडीसाठी आठवडाभर बाजार पालथे घालत हिंडत होतो. आमच्या कर्जतकडचाच एक ओळखीचा शेतकरी बैलाचे दात पाहता पाहता म्हणाला, "अण्णा, तुमच्या गावचा किसना गेला म्हनं परवा. आता मोटा कुनाकडनं शिवून घ्यायच्या वो?" माझं डोकंच सणकलं. माणूस गेलाय आणि ह्याला मोटेची पडलीय! चार शब्द सुनावले त्याला आणि बैल न घेताच परत निघालो. वाटेत मात्र मनाशी कबूल करावं लागलं... सात वर्षांपूर्वी ही बातमी आली असती, तर मीही हेच विचारलं असतं.

किसनबा गावाबाहेरच्या वस्तीत राहायचे आणि विहिरीवरच्या चामड्याच्या मोटा शिवायचे. आमच्या कोरड्या मुलखात मोटेशिवाय गव्हाची ओंबी दिसायची नाही. गावाला त्यांच्या हातचं चामडं चालत होतं, हातचं पाणी चालत नव्हतं. कातडं त्यांनी कमवायचं, त्याला तेल पाजायचं, आरीनं भोकं पाडून वादीनं शिवायचं. त्या मोटेतून दिवसभर उपसलेल्या पाण्याला विटाळ नाही. तेच किसनबा ओंजळ भरायला आले की विहीर बाटते! हे गणित मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं, पण तोंडपाठ होतं. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, आणि मी त्यांना "अरे किसना" म्हणत होतो.

वडील गेल्यावर विहीर मी आणि माझा चुलतभाऊ आबा, अशा दोघांच्या वाट्याला आली. ते जर्मनच्या लढाईचे दिवस. जुनी मोट फाटली होती, गहू पोटरीत, ओंब्या बाहेर पडायच्या बेतात होता. किसनबांनी नवी मोट शिवली. तशी मोट मी आजवर पाहिली नाही. पाण्यानं भरून झाडाला टांगली, खाली कोरडी राख पसरली आणि तासभर आम्हाला समोर बसवलं. राखेत एक थेंब पडला नाही.

नव्या मोटेच्या दिवशी शिवणाऱ्याचा मान करायची आमच्याकडे रीत होती. विहिरीवर नारळ फोडायचा. एक धोतर आणि दुसरा नारळ धावेच्या खालच्या टोकाला, दगडावर ठेवायचा. बैल मोट ओढताना ज्या उतारावरून जातात ती धाव. आपण बाजूला झालो की त्यानं येऊन ते उचलायचं. मी सातवी पास, त्यामुळं अंगात वक्तृत्व. लांबूनच मोठ्यानं म्हणालो, "किसना, तुझ्या हातात कसब आहे बाबा! आमची शेती तुझ्या जिवावर चालते. हा मान घे." चार माणसं माना डोलवत होती. मला वाटलं, आता किसना भारावून जाणार.

किसनबा दगडापाशी आले, पण धोतराला हात लावला नाही. म्हणाले, "अण्णा, मोट खरंच चांगली हाय का?"

"अरे, एक नंबर!"

"मंग पहिल्या मोटंचं पानी मला प्यायला द्या."

आबा उखडला. पण माणसं बघताहेत म्हणून म्हणाला, "बरं, तांब्यानं वरून ओततो. धर वंजळ."

"वरून नको. थारोळ्यातून पिईन, माज्या हातानं." मोट जिथं रिकामी होते ते विहिरीच्या तोंडाशी असलेलं दगडी कुंड म्हणजे थारोळं. तिथं त्यांची सावली पडलेलीही चालत नव्हती. "चामडं माजं, शिवन माजी, आन् पानी तेवडं तुमचं?"

माना डोलवणारे आता आपापल्या पायांकडं बघायला लागले. मघाशी भाषण ठोकणारा मीही. किसनबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग खाली टेकवून ठेवलेली मोट खांद्यावर टाकली आणि चालू लागले. "पानी न्हाई तर मोट न्हाई," एवढंच म्हणाले.

आठ दिवसांत गव्हानं माना टाकल्या. नवव्या दिवशी मी त्यांच्या वस्तीवर गेलो. वाचकांना वाटेल, अण्णाला उपरती झाली. तसलं काही नाही. मी गव्हासाठी गेलो होतो, माणुसकीसाठी नाही. किसनबांच्या बायको सखुबाई अंगणात कातडं कमवायला लागणारी बाभळीची साल कुटत होत्या. त्यांनी मान वर न करताच नवऱ्याला हाक दिली, "आवो, अण्णांचा गहू वाळाय लागला वाटतं."

किसनबा हसत बाहेर आले. मी म्हणालो, "चला. पाणी प्या." आणि पहिल्यांदाच तोंडातून 'चला' गेलं, 'चल' नव्हे.

"मनापासनं म्हनता व्हय?"

मी अंगणातल्या मोटेकडं बघितलं.

"ऱ्हाऊ द्या. मनापासनं जवा म्हनाल तवा म्हना. आज पानी तर द्या."

ते मोट घेऊन आले, धाव चढून थारोळ्यापाशी उभे राहिले. मी बैल हाकले. मोट वर आली, पाणी भसाभस कोसळलं. नव्या चामड्याचं पाणी सालीमुळं लालसर येतं, ते कुणी पीत नाही, थेट पाटानं रानात सोडतात. किसनबा ओंजळीमागून ओंजळ प्यायले. मिशा पुसत म्हणाले, "लई तुरट हाय." मला हसू फुटलं, तेही हसले. आबा विहिरीच्या पलीकडं पाठ फिरवून उभा होता.

त्यानंतर आबानं ती मोट वापरली नाही. आपल्या पाण्याच्या पाळीसाठी जामखेडहून वेगळी आणली. गावानं माझ्या बायकोला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं, ती म्हणाली, "बरंच झालं, वाटायची साखर वाचली." किसनबांनी मात्र अट सोडली नाही. जो मोट घेईल, त्याच्या पहिल्या मोटेचं पाणी ते थारोळ्यातून पिणार. कुणी रागानं परगावी गेले, कुणी शिव्या घातल्या. पण रान वाळायला लागलं की एकेक जण त्यांच्या अंगणात येऊन बसायचा. माणसं शहाणी झाली असं मी म्हणणार नाही, त्यांना गरज होती. पण किसनबांना त्यांच्या शहाणपणाची वाट बघत तहानलेलं बसायचं नव्हतं, आणि का म्हणून बसावं?

स्वराज्याचा झेंडा लागला, पेढे वाटले गेले. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर आबाची जामखेडची मोट उभी फाटली. सात वर्षं पाठ फिरवलेल्या माणसानं माझ्याकडूनच निरोप धाडला: मोट शिवा, अट मान्य. किसनबांनी काम हाती घेतलं. आणि अर्ध्या शिवणीवर असताना ताप आला... चार दिवसांत गेले.

मी घोडेगावहून परतून वस्तीवर गेलो, तेव्हा सखुबाई तीच मोट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. किसनबा डावखुरे, त्यांचे टाके डावीकडं कललेले. मधेच एका जागी ते संपत होते आणि तिथून सखुबाईंचे सरळ टाके सुरू झाले होते. मला तिथं बसवेना. रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

महिन्याभरानं सखुबाईंनी मोट स्वतःच्या डोक्यावरून विहिरीवर आणली. आबानं धावेच्या खालच्या दगडावर नारळ आणि लुगडं ठेवलं होतं.

"आबा, अट?" मी विचारलं.

"अट किसनाची हुती. तो गेला," आबा म्हणाला.

सखुबाईंनी लुगड्याकडं पाहिलंही नाही. "साल म्या कुटली, कातडं म्या भिजवलं, अर्दी शिवन माजी हाय," म्हणाल्या आणि धाव चढून थारोळ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. आबाच्या गड्यानं आबाकडं पाहिलं. आबा नारळाकडं बघत राहिला, तेव्हा बैल मीच हाकले.

मोट आली. सखुबाई ते लाल पाणी पोटभर प्यायल्या. मग पुन्हा ओंजळ भरली, वळल्या आणि आबापुढं धरली. आबा जागचा हलला नाही. त्या हात पुढं करून उभ्या होत्या, पाणी बोटांतून गळत गेलं, पार संपलं. सखुबाईंनी ओले हात पदराला पुसले.

"आज नगं तर नगं, आबा," त्या म्हणाल्या. "मोट आजून लई वर्सं टिकंल."