डावीकडची पाणबुडी

आमच्या ह्यांना माझं बोलणं ऐकायचं वावडं आहे, असं मी तीन वर्षं आमच्या अख्ख्या हेब्बाळ वस्तीला सांगत होते. चूक माझीच होती. पण ती चूक व्हायला चौतीस वर्षांची तालीम लागली, तीही ऐका.

हे म्हणजे पद्माकर. सरकारी कंपनीत इंजिनिअर होते. काय करायचे ते मला निवृत्तीच्या समारंभातल्या भाषणातून कळलं. पाण्याखालचे आवाज टिपणारी यंत्रं असतात, पाणबुड्यांवर बसवतात, ती हे कानाला लावून तपासायचे. ऑफिसात जाताना मोबाइल गेटवर ठेवायचा आणि घरी येताना तोंडाला कुलूप. लग्न झाल्यावर मी रोज विचारायची, "आज काय केलंत?" उत्तर नाही. भांडले, रुसले, मग शिकले. आमच्या घरचा नियमच झाला, ह्यांनी उत्तर दिलं नाही की दुसऱ्यांदा विचारायचं नाही. आमची लेक नीरजा शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून 'ऑफिस' लिहून आली होती.

वाटलं, निवृत्त झाल्यावर तरी माणूस बोलेल. कसलं काय! होतं ते हूं-हूंसुद्धा गेलं. जेवायला हे टेबलाच्या टोकाला, उजवीकडे टीव्ही, डावीकडे मी. गॅस त्याच बाजूला, गरम फुलका वाढायला बरं पडतं. मी विचारावं, "आमटी जमलीय का?" हे आपले आमटी भुरकतायत. होळीच्या सुमारास माझ्या धाकट्या बहिणीचं, विद्याचं, ऑपरेशन झालं. ते मी फुलका भाजता भाजता सांगितलं. पाठमोरी होते, डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. मागून एक शब्द आला नाही. मग पुन्हा सांगितलंच नाही. नियम होता ना! पण त्या दिवशी आत काहीतरी तुटलं, खोटं कशाला बोलू.

शेवटी या श्रावणात ठरवलं, बास झालं. पुण्याला नीरजाकडे जायचं आणि परतीचं तिकीट काढायचंच नाही. जेवताना तसं सांगूनही टाकलं. "मी नीरजाकडे जातेय. परत कधी येईन, माहीत नाही." आणि थांबले. 'जाऊ नको' नाही, 'का' नाही. कोशिंबीर संपवून हे हात धुवायला गेले. मी यशवंतपूरहून गुरुवारची गाडी बुक केली. खालच्या मजल्यावरच्या शिवलीलाक्का, निपाणीच्या, म्हणाल्या, "सरी, बरं, जावा की. पण त्यांना सांगितलंय न्हवं?" म्हटलं, "सांगितलं की! भिंतीला सांगितलं."

मंगळवारी दुपारी बॅग भरत होते, तर हे दारात उभे. चेहऱ्यावर चक्क हसू. "कल्पना, जरा ये. तुझी मदत हवी."

सहा महिने कॉम्प्युटरसमोर हे काय ठोकत बसले होते, ते तेव्हा कळलं. गेम केला होता, पाणबुड्यांच्या लढाईचा. "अगदी सोपा आहे, नवशिक्यांसाठी. म्हणून तपासायला अगदी नवशिकं माणूस हवं होतं."

"मग मीच सापडले!"

"तुझ्याइतकं कोण मिळणार?" वर हेही ऐकवलं, "यात ऑफिसातलं काही नाही हं. सगळं मनाचं." दोनदा सांगितलं. जशी काही मी शत्रूला कळवायलाच निघाले होते!

हेडफोन माझ्या कानांवर चढवला. काळा पडदा, मध्ये हिरवा ठिपका, ती आपली पाणबुडी. शत्रूची दिसत नाही, नुसती ऐकू येते. ज्या कानात घुरघुर होईल त्या बाजूचा बाण दाबायचा आणि लगेच खालची लांब पट्टी दाबून टॉर्पेडो सोडायचा. उशीर झाला की आपण बुडालो. मग शत्रू कुठे होता ते लाल ठिपक्याने दिसतं.

पहिल्यांदा बुडाले. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या खेपेला डाव्या कानात घुरघुर आली, दाबला बाण, सोडला टॉर्पेडो, धडाम! आई गं, काय मजा आली! बॅगबिग सगळं विसरले. ह्यांचं मात्र एकच चाललेलं, "डावीकडचा आवाज येतोय ना? नीट येतोय?"

"येतोय हो, कान फाटतोय!" तिसऱ्यांदा विचारल्यावर मी वैतागलेच. "आता तुम्हीच खेळून दाखवा बघू."

हे बसले. उजवीकडून आलेली एकेक पाणबुडी पटापट उडवली. डावीकडून आली की बुडाले. पाच डाव झाले, पाचही वेळा लाल ठिपका डावीकडे. आणि मी डाव्या अंगाला उभी. हेडफोनमधली ती घुरघुर मला बाहेरसुद्धा ऐकू येत होती.

ह्यांनी हेडफोन काढून ठेवला. वर पंखा घरघरत होता. मी तिथेच उभी राहून हळूच म्हटलं, "अहो, घराला आग लागलीय." हे पडद्याकडे बघत राहिले. मग उजवीकडे गेले आणि तेवढ्याच आवाजात म्हटलं, "चहा घेणार?"

"घेईन की. आलं घाल."

मी स्टुलावर बसलेच. "डावा कान कधी गेला?"

उत्तर नाही. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला.

"निवृत्तीच्या आधीपासून कमी होत होता. मग गेलाच." मान खाली घालून म्हणाले, "आयुष्यभर कानाच्या जिवावर खाल्लं मी. कान गेला म्हणून कुणाला सांगू?"

"मला! बायको आहे मी, का परक्या देशाची हेर?"

तेवढ्यात ह्यांचं लक्ष दारातून पलीकडच्या खोलीत गेलं, पलंगावरच्या उघड्या बॅगेकडे. "कुठे चाललीस?"

"नीरजाकडे. परत कधी येईन माहीत नाही, असं गेल्या आठवड्यात सांगितलं होतं. जेवताना."

हे बॅगेकडून माझ्याकडे वळले. मग विचारलं, "कुठल्या बाजूने?"

मला रडूच फुटलं. किती राग धरला होता मी या माणसावर, आणि कशापायी!

चहा केला. टेबलाशी गेले, टीव्ही बंद केला आणि माझी खुर्ची उचलून उजवीकडे ठेवली. गॅस लांब पडतो तिथून. पडू दे, थोडे गार फुलके खातील. "तिकीट रद्द करते," म्हटलं. "उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं. आणि आता ऐका, विद्याचं ऑपरेशन झालं."

ह्यांचा कप हातातच राहिला. "काय? कधी?"

"पाच महिने झाले," मी म्हटलं, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.