परतणारा इलेक्ट्रॉन आणि पळसाचा पुतळा

माझी उमेदीची वर्षं गेली हेक्झेनवर. दिसायला पाण्यासारखं, जातीनं पेट्रोलच्या कुळातलं. काचेच्या पेटीत ते भरायचं, त्यावर किरणांचा मारा करायचा आणि रेणूंतून सुटलेल्या इलेक्ट्रॉनचं पुढं काय होतं ते बघायचं. बघायचं म्हणजे तरी काय, तो कधीच दिसत नाही. आरपार जाणारा प्रकाश क्षणभर कमी होतो, त्यावरून तो आहे म्हणायचं.

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावी गेले की बाबा विचारायचे, "तिकडं काय करून राहिली गं?" भाऊ घर सोडून गेला त्या वर्षी मी त्यांना सांगितलं, की या द्रवात सुटलेले बहुतेक इलेक्ट्रॉन फार लांब जात नाहीत. ज्याला सोडून निघाले त्याचीच ओढ त्यांना मागं आणते. खरं होतं ते, पण अर्धं. बाबांनी तेवढंच धरून ठेवलं आणि दिवसभर दार उघडं टाकून ओसरीत बसायला लागले.

बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला की आमच्यात पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग माणूस गेला असं धरतात. बारा वर्षं झाली तरी बाबा ऐकेनात. भावाची बायको, माझी वहिनी, मला म्हणाली, "ताई, मी ना सवासीन ना विधवा. तुमीच सांगा त्यांला. तुमचंच ऐकतेत."

मग मी उरलेलं अर्धं सांगितलं. थोडे इलेक्ट्रॉन त्या ओढीतून सुटतात, ते सुटतातच. द्रवात जरासा जरी ऑक्सिजन राहिला, तरी तो त्यांना वाटेतच धरून ठेवतो, ते परत येत नाहीत.

बाबांनी तोंडातली सुपारी थुंकली. मग म्हणाले, "अन् जो माघारी येतो, तो त्योच कशावरून?"

मला नको तिथं शहाणपण सुचलं. "सगळे एकसारखेच असतेत, बाबा. वळखायला खूणच नसती."

ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी "करा" म्हणाले.

भर दुपारी पुरुषमंडळी पुतळा घेऊन कयाधू नदीवर गेली. अग्नी चुलतभाऊ देणार होता. मी आणि वहिनी परसात, परतणाऱ्यांच्या अंघोळीचं पाणी तापवत होतो. नदीकडं धूर दिसायला लागला, आणि तेवढ्यात ओसरीत भांडं ठेवल्याचा आवाज आला.

जाऊन बघितलं तर तांब्या रिकामा, पालथा. भाऊ पाणी पिऊन असाच पालथा ठेवायचा आणि आईची बोलणी खायचा.

"कोण आलं व्हतं, बाबा?"

"एक जण पाणी पिऊन गेला. दाढीवाला."

"नाव?"

"न्हाई इचारलं." त्यांनी माझ्याकडं अगदी सरळ नजरेनं बघितलं. "तूच म्हनली व्हतीस, वळखायला खूण नसती. मंग काहून इचारायचं?"

वहिनी अनवाणी रस्त्यावर धावली. मीही मागं गेले. दोन्हीकडं सोयाबीन, लांबवर सेनगावच्या वाटेला लागलेली जीप, आणि माणूस एकही नाही. कुणी वाटसरू असेल, नाहीतर बाबांनीच पाणी पिऊन तांब्या पालथा ठेवला असेल, असं मी मनाला बजावलं. पण आपल्याच जिभेची एवढी भीती मला आधी कधी वाटली नव्हती.

पुरुष नदीवरून परतले. वहिनीचं कुंकू पुसायला बायका जमल्या. पुतळ्यासाठी माझ्यामागं लागलेली तीच वहिनी भिंतीला पाठ लावून म्हणाली, "आज नको."

तिचं कुंकू अजून तसंच आहे. बाबा आता अंथरुणाला खिळलेत, आणि दाराशी पाण्याचा तांब्या ती भरून ठेवते.