एकशे बारा घरकोंबड्या

गल्लीची स्वतःची नोट काढायचं ठरलं, तेव्हा तिच्यावर सही कुणाची यावर वादच झाला नाही. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या चिक्कूकाकांची! चहा पाजतानासुद्धा जो कप अर्धाच भरतो, तो फुकट नोटा थोड्याच वाटत सुटणार?

झालं होतं असं, की मोठ्या रस्त्यावर काचेचं टोलेजंग दुकान उभं राहिलं आणि गल्लीत आलेला पैसा संध्याकाळपर्यंत तिकडे पसार व्हायला लागला. मग दुकानदारांनी खरे पैसे बेकरीवाल्याच्या तिजोरीत ठेवले आणि त्या बदल्यात पाचशे नोटा काढल्या. त्या गल्लीबाहेर कुणी घेत नसे. मोची ती नोट देऊन किराणा आणायचा, किराणावाला तीच देऊन हजामत करून घ्यायचा आणि न्हावी तीच घेऊन चप्पल शिवायला मोच्याकडे. गल्ली सोडून जातच नाही, म्हणून लोक तिला घरकोंबडी म्हणायचे. काय दिवस होते हो ते! घरकोंबडी घेऊन गेलं की दुकानदार नुसता माल देत नसे, स्टूल पुढे करून घरादाराची चौकशी करत असे.

फाटक्या नोटा बदलून द्यायला छापखान्याने जास्तीच्या कोऱ्या, बिनसहीच्या नोटा दिल्या होत्या. त्या काकांच्या घरी कपाटात असत. "पाचशे म्हणजे पाचशे," काका म्हणायचे. "एक जास्त झाली की सगळ्यांची किंमत गेली."

"लोकांचं अडलंय, आणि तुम्ही आकडा कुरवाळत बसा," बायको म्हणायची. यावर काका चप्पल घालून दुकानात निघून जायचे.

ती गेली त्याला दोन वर्षं झाली. पुढे निम्मी दुकानंही उठली, आणि उरलेल्यांनी नोट बंद करायचं ठरवलं. शनिवारी लोक बेकरीत नोटा देऊन खरे पैसे घेत होते. दुपारी तिजोरी रिकामी झाली, आणि रांगेत माणसं तशीच! बेकरीवाल्याने सगळ्या नोटा मोजल्या. पाचशेच्या वर एकशे बारा भरल्या.

"काका, सही तर तुमचीच आहे," तो हळूच म्हणाला. काकांनी नोटा पुढ्यात ओढल्या. उभ्या आयुष्यात कुणाच्या पैचा डाग नाही, आणि आता या वयात चोर ठरायचं?

त्यांनी डोळ्याला भिंग लावून सगळ्या नोटा पाहिल्या. त्यांची सही घाईची, शेवटी फरफटलेली. एकशे बारा नोटांवर मात्र एकेक अक्षर गोल, पेन दाबून काढलेलं. बायकोच्या किराण्याच्या यादीत असायचं तसं. त्या याद्या काका सामान घरात आलं की फेकून देत.

तेवढ्यात रांगेतली इस्त्रीवाली पुढे झाली. "अहो काका, या तुम्हीच पाठवल्या होत्या ना? माझा मुलगा अंथरुणाला खिळला होता तेव्हा? वहिनी म्हणाल्या, यांनी दिल्यात, पण आभार मानायला जाऊ नका, यांना अवघडल्यासारखं होतं."

"मलाही असंच म्हणाल्या होत्या," मागून मोची बोलला.

काकांना आधी संताप आला. कपाटाची किल्ली तिच्याकडेच असायची! "बायकोने केलं" एवढं म्हटलं असतं तर सुटलेच असते. पण समोरची माणसं त्यांच्याकडे इतक्या मायेने बघत होती, की जीभच उचलेना.

"हो," ते म्हणाले. "मीच पाठवल्या होत्या. मोजायच्या राहून गेल्या. थांबा, पैसे आणतो."

म्हातारपणासाठी पोटाला चिमटा घेऊन साठवलेले पैसे त्यांनी आणले आणि शेवटच्या माणसापर्यंत सगळ्यांना दिले. "आम्ही मेले उगाच चिक्कू म्हणत राहिलो," इस्त्रीवाली डोळे पुसत म्हणाली.

पाचशे नोटा बेकरीच्या भट्टीत गेल्या. एकशे बारा मात्र काकांनी मागून घेतल्या आणि घरी येऊन खिडकीपाशी बसले. अडतीस वर्षांच्या संसारात दोघं कधी लांब राहिलीच नव्हती, त्यामुळे एकमेकांना पत्र लिहायची वेळ आली नव्हती. तिच्या हातचं एक अक्षर घरात उरलं नव्हतं. काका एकेक नोट उलटून पाहू लागले. एकशे बारा वेळा तिने त्यांचंच नाव लिहिलं होतं.