लांज्याला जाऊन आलेले तांदूळ

बाळांनो, आजीने गणपतीचे तांदूळ वॉशिंग मशीनमध्ये घालून भंगारात दिले हे खरं का, असं परवा तुम्ही मला फोनवर विचारलंत. तुमच्या बाबांनी ही गोष्ट तिकडे जेवणाच्या टेबलावर सांगितली, पाहुण्यांना आवडली, म्हणून पुन्हा सांगितली, असं दिसतं. दर वेळी तिच्यात काहीतरी भर पडते आहे. आधी नुसते तांदूळ होते, आता म्हणे अख्खे मोदक होते. असंच चाललं तर थोड्या दिवसांनी खुद्द गणपतीच मशीनमध्ये बसलेले असतील. त्याआधी जे झालं ते क्रमाने लिहून ठेवते. शाळेत मुलांना इंग्रजी शिकवण्यात माझा जन्म गेला. गोष्ट पहिल्यापासून सांगावी, एवढं वळण अजून सुटलेलं नाही.

आपलं जुनं मशीन तुम्ही पाहिलं आहे. मागच्या पडवीत, मोरीला लागून असायचं ते. दोन टबांचं. डावीकडे धुणं, उजवीकडे ड्रायर. पाणी बादलीने ओतायचं आणि कपडे पिळून एकीकडून दुसरीकडे टाकायचे. समुद्राच्या हवेने त्याचा पत्रा खालून खाल्ला होता. आजोबा दर दिवाळीला त्याला घरात उरलेला रंग लावायचे, त्यामुळे मशीनकडे बघून कोणत्या वर्षी घराला कोणता रंग होता हे सांगता यायचं. त्या श्रावणात धुण्याची बाजू बंद पडली. बटण फिरवलं की घुमायची आणि जागच्या जागी बसून राहायची. ड्रायर मात्र ठणठणीत होता.

मेकॅनिक आला. त्याने मशीन पुढून बघितलं, मागून बघितलं, पण हात काही लावला नाही. म्हणाला, पार्ट मिळेल, पण तो बसवायला उघडलं तर खालचा सांगाडा हातात येईल. आजोबांचं मत अर्थात उलट. माणसाने केलेली वस्तू माणसाला दुरुस्त करता येते, हे त्यांचं तत्त्व आहे. त्या तत्त्वावर दुरुस्त झालेला टेबलफॅन आपल्याकडे आहे. तो फक्त डावीकडच्या माणसाला वारा घालतो. तुमच्या बाबांनी तिकडून व्हिडिओ कॉल केला, मला फोन मशीनभोवती फिरवायला लावला आणि मोठ्या डॉक्टरसारखं गंभीर होऊन सांगितलं की आता यात काही राहिलेलं नाही. नवीन घेऊ, पूर्ण ऑटोमॅटिक. जुनं एक्स्चेंजमध्ये जाईल, अडगळ नको.

मी नको म्हटलं. का नको, तेही सांगितलं. आपली पाण्याची टाकी ठेंगणी, नव्या मशीनला जोर पुरणार नाही. आपल्याकडे वीज जाते, मग ते मशीन कपडे पोटात घेऊन दार लावून बसेल. आणि अर्धी चांगली असलेली वस्तू टाकून देणं म्हणजे जगाच्या कचऱ्यात भर. हे शेवटचं तुमच्या बाबांना फार आवडलं. आपल्या आईला या वयात पर्यावरणाची जाण आहे, असं त्याने मित्रांना सांगितलं. सगळी कारणं खरी होती. त्यातलं एकही माझं नव्हतं.

माझं कारण उजव्या टबात होतं. मोदकाच्या पिठीचे तांदूळ धुवून, निथळून, सावलीत कपड्यावर वाळवायचे आणि मग दळायचे असतात. पण भाद्रपदात रत्नागिरीत सावलीशिवाय दुसरं काही नसतं, आणि त्या सावलीत काहीही वाळत नाही. तांदूळ ओलसर राहिले की आंबूस वास धरतात, उकड चिरते आणि मोदक वाफेवर तोंड उघडतो. एका वर्षी अगदी घायकुतीला येऊन मी ते तांदूळ कोऱ्या अभ्र्यात बांधून ड्रायरमध्ये फिरवले. मग दुपारभर पंख्याखाली पसरले. पिठी अशी आली की त्या वर्षापासून आपल्याकडच्या एकाही मोदकाने तोंड उघडलेलं नाही.

मीही उघडलं नव्हतं. कारण वन्सं. म्हणजे आजोबांची थोरली बहीण. त्या डोंबिवलीला राहतात आणि गणपतीला दर वर्षी येतात. नैवेद्य सोवळ्यात होतो की नाही यावर त्यांचं लक्ष असतं. ज्या टबात आजोबांचे लेंगे गरगरतात त्याच टबात देवाचे तांदूळ गरगरतात, हे त्यांना कोणत्या भाषेत सांगणार? मी अभ्रा वेगळा ठेवलेला होता, ड्रायर आधी स्वच्छ पाण्याने धुवून काढत होते, पण सोवळं असल्या धुण्याला मोजत नाही. आणि वन्सं तर दर वर्षी मोदक मोडून सगळ्यांना दाखवायच्या आणि म्हणायच्या, वहिनीच्या हाताला गुण आहे. मी मान खाली घालायचे. ते विनयाने, असा सगळ्यांचा समज होता.

शेवटी बाबांनी परस्पर मशीन मागवलं. गणपती झाल्यावर येईल असं कळलं, तेव्हा या वर्षाचं तरी निभावलं म्हणून मी गप्प बसले.

गणपती दोन दिवसांवर आले होते. माझ्या माहेरचे, लांज्याच्या पलीकडच्या गावचे वासाचे तांदूळ मी धुतले, अभ्र्यात बांधले, ड्रायर लावला. तो निम्मा फिरला आणि वीज गेली. अभ्रा बाहेर काढणार एवढ्यात वन्सं पाय धुवायला पडवीत आल्या. मी झाकण लावलं, वरून एक टॉवेल टाकला आणि पत्री आणायला बाजारात निघून गेले.

परत आले तर पडवीत नवं पांढरं मशीन उभं होतं आणि आजोबा त्याच्याशेजारी अपराध्यासारखे उभे होते. दुकानाचा टेम्पो लवकर आला होता. माणसांनी नवं उतरवलं आणि ठरल्याप्रमाणे जुनं चढवलं.

"ड्रायर बघितलात?" मी हळूच विचारलं. घरात तांदळाचं फक्त त्यांनाच माहीत होतं.

"उचलताना आठवलं."

"मग?"

"ताई इथेच उभी होती. तिच्यासमोर सांगणार काय?"

म्हणजे तांदूळ जाताहेत हे दिसत असताना त्यांनी टेम्पो मागे घ्यायला हात दाखवून मदतसुद्धा केली होती.

दुकानात फोन लावला. वन्सं समोरच वाती वळत बसलेल्या, त्यामुळे तांदूळ हा शब्द तोंडातून काढायची सोय नव्हती. मी सांगितलं की आमचं जुनं मशीन आम्हाला परत हवं आहे. दुकानदार म्हणाला, एक्स्चेंजची सूट जाईल. जाऊ दे म्हटलं. तो म्हणाला, टेम्पो आता लांज्याला दुसरी डिलिव्हरी द्यायला गेलाय, संध्याकाळी येईल. मग तो फार मऊ आवाजात म्हणाला की आजी, वस्तूत जीव अडकतो, समजतं मला. गौरी माहेरी यायच्या आधीच माझे तांदूळ माहेरच्या वाटेला लागले होते, हे त्याला काय समजणार.

फोन ठेवला तर वन्संच्या डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, जुन्या वस्तूवर माया असावी तर अशी.

संध्याकाळी टेम्पो आला. ड्रायव्हरने मशीन ओटीवर उतरवलं, झाकण उघडलं आणि अभ्रा उचलून सरळ वन्संच्या पुढ्यात ठेवला. "आजी, तुमचा तांदूळ ऱ्हायला होता ह्याच्यात," तो म्हणाला, आणि कोणाच्या घरात आपण काय केलं याची कल्पना नसलेल्या माणसाच्या समाधानाने निघून गेला.

वन्संनी गाठ सोडली. चिमूटभर तांदूळ बोटांत चोळून बघितले, वास घेतला.

"ह्यात वाळवतेस?"

"हो."

"दर वर्षी?"

"वीज असेल तर."

"आणि मी सगळ्या डोंबिवलीला सांगत सुटले, वहिनीच्या हाताला गुण आहे म्हणून."

"हाताला नाही गो ताई, ड्रायरला," आजोबा आतून म्हणाले. त्यांना एरवी ऐकू येत नाही.

मी मनातल्या मनात बाजारची पिठी, उघडलेले मोदक आणि पुढची सगळी वर्षं यांची तयारी करत होते. वन्सं उठल्या, मशीनभोवती एक फेरी मारली, रंगांचे थर बघितले. मग म्हणाल्या, "प्रवासात सोवळं धरत नाहीत. हे तांदूळ लांज्याला जाऊन आलेत."

शास्त्र त्यांचं होतं.

"आणि कपड्यांना आता नवं आलंय ना? मग ह्यात इथून पुढे चिंधीसुद्धा घालायची नाही."

त्याप्रमाणे वन्संनी ते मशीन स्वतः धुवून घेतलं आणि स्वयंपाकघराच्या पलीकडच्या कोठीच्या खोलीत हलवून घेतलं. ज्याची भंगारात रवानगी व्हायची होती, ते घरातलं सर्वांत सोवळं भांडं झालं. त्या वर्षीही मोदक उघडले नाहीत. जाताना वन्सं डबाभर पिठी डोंबिवलीला घेऊन गेल्या, ती कशी वाळवली हे तिथे कोणाला न सांगता. आता ते गुपित आम्हा दोघींचं आहे, किंवा होतं, आजोबांनी फोनवर तुमच्या बाबांना आणि बाबांनी पाहुण्यांना सांगेपर्यंत.

नवं मशीन चांगलं आहे. टाकी ठेंगणी असूनही चालतं आणि धुणं झालं की गाणं वाजवतं. म्हणजे माझं एक कारण खोटं ठरलं, हे बाबांना सांगू नका.

जुन्याची धुण्याची बाजू बंदच आहे. ड्रायर चालतो.