माडांमधली वसाहत

माझे थोरले बंधू तंजावूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचे. मीही त्यांच्या वर्गात बसले आहे. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा धडा आला की अण्णा पुस्तक मिटून बोलायचे. हे लोक राजापुढेही टोपी काढत नसत, शपथ घेत नसत. पुरोहितावाचून एकत्र गप्प बसायचं, आतून काही आलं तर कुणीही बोलायचं, हीच त्यांची उपासना. त्यापायी त्यांनी इंग्लंडात तुरुंग भोगला आणि शेवटी समुद्रापलीकडे एक वसाहत उभारली, जिथे ज्याने त्याने आपल्या रीतीने देव भजावा. पुढच्या पिढीने तिथल्या मूळ रहिवाशांची जमीन कपटाने घेतली, हा भाग मात्र अण्णा घाईत उरकायचे.

निवृत्तीनंतर त्यांनी पापनाशमजवळ, कालव्याकाठच्या माडांत तीन लहान घरं बांधली. एक स्वतःला, बाकीची धर्मापायी माणसांतून तुटलेल्यांना. एका घरात हिंदू-मुसलमान जोडपं आलं, दुसऱ्यात एक ख्रिस्ती नर्सबाई. त्यांनी हिंदूशी लग्न केलं होतं. तो आता हयात नव्हता. रविवारी सकाळी सगळे अण्णांच्या ओसरीवर डोळे मिटून बसत. मी तंजावूरहून बसने जायची. सुरुवातीला तिथे फार बरं वाटायचं.

नर्सबाई संध्याकाळी दारात मेणबत्ती लावून मोठ्याने स्तोत्रं गात. आवाज चिरका होता. एका रविवारी अण्णा त्यांना तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा, हे गाणं थांबवा. इथली प्रार्थना मौनातच व्हायला हवी."

त्या म्हणाल्या, "सार, आमच्या चर्चमध्ये मला गाता यायचं, पण माझ्या नवऱ्याला जागा नव्हती. इथे त्यांना जागा मिळाली असती, पण मला गाता येत नाही."

अण्णांनी हट्ट सोडला नाही. बाई निघून गेल्या. पुढे जोडप्याला मूल झालं. दोन्हीकडचे आजी-आजोबा येऊन त्याच्या नावावरून भांडू लागले, तेव्हा तेही चेन्नईला गेले.

मग अण्णा एकटेच बसत. एकदा मला म्हणाले, "मी त्यांना गाऊ द्यायला हवं होतं गं."

"मग चला, जाऊन सांगा तसं."

बाई चर्चच्या वृद्धाश्रमात होत्या. अण्णांनी हात जोडून माफी मागितली. "घर तुमचंच आहे. परत चला. खुशाल गा."

"आता दम लागतो, सार. गाणं गेलं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि इथे मला पुरायची तरी सोय आहे."

परतताना बसमध्ये अण्णा खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांचे खांदे हलताना मला दिसले.

आता ते माझ्याकडेच राहतात. जेवतात, पेपर वाचतात. तिकडच्या घरांत शेजारचा शेतकरी पेंढा ठेवतो. ती जागा विकून टाका म्हटलं, की अण्णा उठून आत जातात.