किरणच्या हाताचा गुण

साजगावच्या एका कारखान्यात किरण संगणक सांभाळायचा. म्हणजे बिघडले की नीट करायचा, आणि नीट केले की सगळ्यांना सांगत फिरायचा. जेवणावरून उठून तो कंपनीत धावला की बायको, वनिता, शेजारणीला ऐकवायची, "यांच्याबिगर तिथं पान हलत नाय गं."

ते खरंच होतं, पण कारण लाजिरवाणं होतं. कारखान्याचे प्रोग्रॅम लिनक्सच्या कंटेनरांत, म्हणजे संगणकातल्याच वेगवेगळ्या बंद डब्यांत, चालायचे. कंटेनर साच्यातून काढतात. जुना मोडून नवा काढला की तो साच्यासारखाच कोरा निघतो. किरण चालू कंटेनरात शिरून फाइल बदलायचा, साच्याला मात्र कधी हात लावायचा नाही. नवा कंटेनर निघाला की दुरुस्ती गायब आणि पुन्हा "किरणला बोलवा". तेच भोक वर्षानुवर्षं बुजवायचं, याला तो अनुभव म्हणे.

मग त्याच्याच हुद्द्यावर खोपोलीची मालती आली. तिने कंटेनरांची मूळ फाइल सिस्टीम फक्त वाचण्यापुरती करून टाकली. आत काही लिहायची सोय बाहेरून घुसणाऱ्या चोराला राहिली नाही, तशी किरणलाही राहिली नाही.

लगेच गेटवरच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम बंद पडला. टेंपो खोळंबले. किरण खूश.

"पुस्तकी अक्कल. आधी होतं तसं करा, मॅडम."

प्रोग्रॅमला तात्पुरत्या फाइली टाकायला जागा लागते, हे मालतीच्या ध्यानातून निसटलं होतं. तिने तेवढ्यासाठी मेमरीतला एक कोपरा मोकळा ठेवला. बाकी कुलूप तसंच. टेंपो हलले.

पुढे कधीतरी मालासोबतच्या चलानावर पत्ता चुकीचा छापून येऊ लागला. किरण सवयीने कंटेनरात शिरला. फाइल काही केल्या सेव्ह होईना. तो तणतणत मालतीच्या टेबलाशी गेला.

"माझे हात बांधलेत तुमी."

"साच्यात बदल करा, किरण. एकदाच करावा लागेल."

"आणि मग मी काय करू?"

आयुष्यातला पहिला खरा प्रश्न त्याने विचारला, तोही रागाच्या भरात. मालतीने साच्याची फाइल त्याच्यापुढे उघडली.

साचा बनवायला शिकणं अवघड नव्हतं. त्याने राजीनामा दिला.

आता तो शिळफाट्याजवळच्या एका गोदामात आहे. तिथल्या संगणकांतले कंटेनर सताड उघडे. नुकताच मालकाने शाल-नारळ देऊन त्याचा सत्कार केला. भाषणात किरण म्हणाला, यंत्राला माणसाच्या हाताची ऊब लागते. टाळ्या पडल्या.